चामखीळ आणि सोळा आठवडे

चामखीळ हा शब्द संस्कृतातल्या चर्मकीलाचा झिजून गुळगुळीत झालेला अवतार. चर्म म्हणजे कातडी आणि कील म्हणजे खिळा. सुश्रुतसंहितेत हा शब्द मूळव्याधीच्या प्रकरणात येतो, आणि तिथेच शिस्नावर व योनीत उगवणाऱ्या मांसल कोंबांचंही वर्णन आहे. योनीतले कोंब छत्रीच्या आकाराचे असतात, असं सुश्रुत नोंदवतो. ते सगळे कोंब म्हणजे आपण आज जिला जननांगावरची चामखीळ म्हणतो तीच, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण अशा वाढीवरचे त्याचे उपाय चारच आहेत: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. आजच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या खोलीत डोकावलं तर हीच यादी थोडे कपडे बदलून बसलेली दिसते. क्षाराच्या जागी ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल आलं, अग्नीच्या जागी विजेची कॉटरी आणि लेझर, शिवाय अग्नीचा उलटा भाऊ म्हणावा असा उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. शस्त्र मात्र शस्त्रच राहिलं. औषधाच्या रकान्यात १९४०च्या दशकापासून पोडोफायलिन होतं. ही एका रोपट्याच्या मुळातून काढलेली राळ, आणि त्या रोपट्याची एक जात आपल्या हिमालयातही उगवते. या साऱ्या उपायांचं गोत्र एक आहे: जे उगवलंय ते जाळा, गोठवा, कापा, मारा. १९९७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इमिक्विमॉड या औषधाच्या ५ टक्के क्रीमला मान्यता दिली, तेव्हा या यादीत एक परगोत्री पाहुणा आला. ही क्रीम चामखिळीला मारत नाही आणि विषाणूलाही मारत नाही. ती नेमकं काय करते हे समजलं, की ती वापरायचे सगळे नियम आपोआप समजतात, आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही.

त्यासाठी आधी शत्रूची ओळख हवी. जननांगावरच्या चामखिळी मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतात. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत, पण इथल्या चामखिळींपैकी सुमारे ९० टक्के चामखिळींमागे फक्त दोन प्रकार असतात, ६ आणि ११. त्वचेला डोळ्यांना न दिसणारी खरचट पडली, की तिथून विषाणू त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातल्या पेशींत शिरतो. पुढचं त्याचं वागणं एखाद्या मुरलेल्या भाडेकरूसारखं आहे. तो पेशी फोडत नाही, जळजळ होऊ देत नाही, रक्तात उतरत नाही. त्वचेच्या पेशी खालून वर सरकत जातात आणि शेवटी कोंड्यासारख्या झडतात. या रोजच्या प्रवासात तो नुसता बसून राहतो, वरच्या थरात पोचल्यावर आपल्या प्रती तयार करतो आणि झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतो. पेशी तशाही मरणारच होत्या, त्यामुळे आरडाओरडा होत नाही. शरीराची पहारेकरी यंत्रणा उठते ती पेशी फुटल्याच्या आणि सूज आल्याच्या खुणांनी. त्या खुणाच नसल्यामुळे पहारा महिनोन्महिने झोपलेला राहू शकतो. चामखीळ जाळल्यावर ती कधीकधी त्याच जागी किंवा बोटभर अंतरावर परत का उगवते, याचं उत्तर इथे आहे. दिसणारा कोंब जळतो. आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत जो विषाणू बसला आहे त्याला धगही लागत नाही.

इमिक्विमॉडची कथा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात थ्री-एम कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरू होते. ही तीच कंपनी, जिच्या चिकटपट्ट्या आणि पिवळ्या चिकटचिठ्ठ्या जगभर टेबलांवर असतात. तिथले शास्त्रज्ञ नागिणीच्या जवळच्या नात्यातल्या हर्पीस विषाणूवर औषध शोधत होते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये हा रेणू विषाणूचं काहीच बिघडवत नव्हता. एरवी असा रेणू कचऱ्याच्या टोपलीत जातो. पण गिनीपिगांवर मात्र तो काम करत होता. बशीत निकामी आणि जिवंत प्राण्यात गुणकारी, याचा अर्थ एकच निघतो: मारेकरी हा रेणू नाही, प्राण्याचं शरीर आहे, रेणू फक्त त्याला उठवतो. उठवतो कसा, हे मात्र औषध बाजारात येऊन पाच वर्षं झाली तरी कळलं नव्हतं. २००२ साली जपानमधल्या ओसाका इथे शिझुओ अकिरा यांच्या गटाने दाखवून दिलं, की इमिक्विमॉड पहारेकरी पेशींमधल्या टीएलआर-७ नावाच्या ग्राहीला चिकटतं. हा ग्राही म्हणजे पहाऱ्याला उठवणारी घंटा, आणि ती मुळात आरएनए जातीच्या विषाणूंसाठी टांगलेली आहे, म्हणजे इन्फ्लुएन्झासारख्यांसाठी. गंमत अशी, की पॅपिलोमा विषाणू डीएनए जातीचा आहे. ही घंटा त्याच्या हाताने कधी वाजलीच नसती. क्रीम लावणं म्हणजे एका चोरासाठी दुसऱ्याच चोराची घंटा वाजवणं. त्या घंटेने इंटरफेरॉन आणि इतर संदेशवाहक प्रथिनं स्रवतात, लढाऊ टी-पेशी तिथे गोळा होतात, आणि एकदा त्या आल्या की त्यांना खरा चोर सापडतो. ही क्रीम जास्त वापरली तर काहींना अंगदुखी, डोकेदुखी, कणकण जाणवते. त्यात आश्चर्य नाही, फ्लूमध्ये वाजते तीच घंटा वाजलेली असते.

स्पष्टीकरण सुंदर आहे म्हणून औषध चांगलं ठरत नाही. पुरावा लागतो, आणि इथला पुरावा बोलका आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ५ टक्के क्रीम आठवड्यातून तीनदा, जास्तीत जास्त १६ आठवडे लावणाऱ्यांपैकी ५० टक्के लोकांच्या चामखिळी पूर्णपणे गेल्या. औषध नसलेली, दिसायला तशीच क्रीम लावणाऱ्यांमध्ये हा आकडा ११ टक्के होता. हे ११ टक्केही विसरू नयेत. काही चामखिळी आपल्या आपण जातात, आणि गावोगावचे मंतरलेले दोरे, चुना, लसूण यांच्या कीर्तीचा बराचसा उगम या ११ टक्क्यांत असावा असं मला वाटतं. त्याच चाचणीत एक मोठी तफावत दिसली: स्त्रियांमध्ये ७२ टक्के, पुरुषांमध्ये ३३ टक्के. यामागे स्त्री-पुरुषांच्या प्रतिकारशक्तीतला फरक शोधण्याआधी कातडीचा पोत पाहावा. स्त्रियांच्या या भागातली त्वचा पातळ आणि ओलसर असते, शिस्नाच्या दांड्यावरची जाड आणि कोरडी. क्रीम जिथे मुरते तिथे चालते. वेळेतही हाच फरक आहे. ज्यांच्या चामखिळी गेल्या, त्यांपैकी अर्ध्या स्त्रियांना सुमारे आठ आठवडे लागले आणि अर्ध्या पुरुषांना सुमारे बारा. पूर्ण बरे झालेल्यांपैकी १३ टक्क्यांना पुढच्या तीन महिन्यांत त्या परत आल्या. आणखी एक चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली, ती मला सर्वांत बोलकी वाटते, कारण ती फसली. एचआयव्हीग्रस्त रुग्णांवर हीच क्रीम वापरली तेव्हा ११ टक्क्यांच्या चामखिळी गेल्या, नुसत्या क्रीमने ६ टक्क्यांच्या. म्हणजे जवळपास काहीच फरक नाही. ज्या टी-पेशींना बोलवायचं त्यांचंच सैन्य एचआयव्हीने कापून काढलेलं होतं. घंटा वाजली, पण यायला कुणी नव्हतं. औषध कसं चालतं याचा पुरावा कधीकधी ते जिथे चालत नाही तिथे मिळतो, तो असा.

आता नियम. डॉक्टर सांगतात: आठवड्यातून तीन रात्री, एकाआड एक, समजा सोमवार, बुधवार, शुक्रवार. झोपण्यापूर्वी जागा साबण-पाण्याने धुऊन कोरडी करायची, हात धुवायचे, पातळ थर लावून तो दिसेनासा होईपर्यंत चोळायचा, पुन्हा हात धुवायचे, सहा ते दहा तासांनी सकाळी धुऊन टाकायचं. वरून घट्ट पट्टी बांधायची नाही. एक पाकीट एका वेळेला, उरलेलं फेकून द्यायचं. चामखिळी गेल्या की थांबायचं, नाही गेल्या तर १६ आठवड्यांनी थांबायचं. यांतला प्रत्येक नियम मघाच्या घंटेतून निघतो. रोज लावलं तर लवकर गुण येईल हा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण मधल्या रात्री शरीर काम करत असतं, क्रीम नव्हे. रोज लावल्याने काम वाढत नाही, कातडी सोलवटते. जाड थर दिल्याने घंटा मोठ्याने वाजत नाही. तीन आठवड्यांत काही दिसलं नाही म्हणून सोडून देणं म्हणजे बोलावलेली माणसं वाटेत असताना दार लावून घेणं. मात्र हे सगळं बाहेरच्या कातडीसाठीच आहे. योनीच्या आत, मूत्रमार्गाच्या तोंडात, गुदद्वाराच्या आत ही क्रीम घालायची नाही. ज्या पुरुषांची सुंता झालेली नाही, त्यांनी त्वचा मागे सारून तो भाग रोज धुवायचा. लावलेली असताना शरीरसंबंध टाळायचा, कारण ती जोडीदाराच्या कातडीलाही लागते आणि तिच्यातल्या तेलकट घटकांमुळे लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो. दुसऱ्या देशांत ३.७५ टक्क्यांची एक क्रीमही मिळते आणि ती रोज, आठ आठवडे लावतात. म्हणून इंटरनेटवर वाचलेलं वेळापत्रक आपल्या हातातल्या पाकिटाला लावू नये.

सर्वांत मोठी अडचण मात्र वेळापत्रकाची नसते, लालीची असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती जागा लाल होते, खाजते, आग होते, कधी वरची साल जाते. घाबरलेला माणूस साहजिकच म्हणतो, हे मला मानवलं नाही. पण पहारा जागा झाल्याची ती खूण आहे. थोडी लाली अपेक्षित असते. उघडी जखम झाली, लघवी करताना झोंबायला लागलं, सूज वाढली तर काही दिवस क्रीम बंद ठेवून कातडी भरू द्यायची आणि डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करायची. अशी विश्रांती घेतल्याने उपचार वाया जात नाही. त्या जागेचा रंग फिका किंवा गडद होणं, आणि कधी तो तसाच राहणं, हाही नोंदलेला परिणाम आहे, आणि सावळ्या कातडीच्या माणसाला तो आधी सांगायला हवा. आपल्याकडे या लालीचा प्रश्न आणखी एका कारणाने चिघळतो. जांघेतल्या कुठल्याही खाजेवर मेडिकलमधून एक ट्यूब आणायची आणि चोळायची, ही महाराष्ट्रातल्या घराघरांतली सवय आहे. त्या ट्यूबमध्ये बहुधा बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड अशी खिचडी असते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी सवय कायद्याने मोडत नाही. स्टिरॉइड करतं काय, तर पहाऱ्याला झोपवतं. रात्री इमिक्विमॉडने घंटा वाजवायची आणि आग होते म्हणून सकाळी स्टिरॉइडने पहारेकऱ्यांना अफू द्यायची, असा हा उद्योग. लाली जाते, चामखीळ राहते, किंबहुना ऐसपैस वाढते.

इथे व्यवहारी वाचक विचारेल: चार महिने हे सगळं करत बसण्यापेक्षा डॉक्टरकडे जाऊन दहा मिनिटांत जाळून का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सरसकट उत्तर नाही. एकदोन मोठ्या, देठाच्या चामखिळी असतील तर कॉटरी किंवा द्रव नायट्रोजन हाच शहाणा उपाय. त्या क्रीमच्या आवाक्यातल्या नसतात. पुष्कळ, लहान, मऊ, पसरलेल्या असतील तेव्हा क्रीमचं पारडं जड होतं, कारण ती आसपासच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीतल्या विषाणूलाही शोधायला लावते. पण क्रीमच्या बाजूने बोलताना हातचं राखू नये. घरी लावायचं दुसरं औषध म्हणजे पोडोफायलोटॉक्सिन, त्या जुन्या राळेतला शुद्ध केलेला घटक. ते तीन दिवस दोनदा लावायचं आणि चार दिवस थांबायचं. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर या दोघांची समोरासमोर तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली आले, आणि इमिक्विमॉड सरस असल्याचं त्यात दिसलं नाही. ते किमतीनेही महाग आहे. म्हणजे शरीराला उठवणारं औषध पेशी मारणाऱ्या औषधापेक्षा परिणामातही वरचढ असणारच, हा तर्क मोहक असला तरी आकड्यांनी त्याची री ओढलेली नाही. माझं मत असं, की निवड चामखिळींची संख्या, जागा, खिसा आणि माणसाचा धीर पाहून व्हावी, औषधाच्या कथेच्या सौंदर्यावरून नव्हे. काहीच न करता काही महिने वाट पाहणं हाही मान्य पर्याय आहे, हेही डॉक्टरांनी सांगायला हवं.

दुसरा आक्षेप चिठ्ठीचा. घरीच लावायचं, दिसतंय ते ओळखू येतंय, तर डॉक्टरसमोर कपडे उतरवण्याची लाज कशाला? रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवणाऱ्यांचा धंदा या लाजेवरच चालतो. चिठ्ठी लागते ती औषध धोकादायक आहे म्हणून तितकीशी नाही, निदान चुकतं म्हणून लागते. अनेक निरोगी पुरुषांच्या शिस्नाच्या कडेला मोत्यांच्या सरीसारखे बारीक, एकसारखे दाणे असतात. निरोगी स्त्रियांच्या योनिमुखाजवळ तसेच मऊ दाणे असतात. ते रोग नाहीत आणि त्यांवर क्रीम लावणं म्हणजे चांगल्या कातडीला जाळणं. उलट टोकाला, उपदंशाच्या दुसऱ्या टप्प्यात गुदद्वाराजवळ आणि जांघेत चपटे, ओलसर, चामखिळीसारखेच चट्टे येतात. त्यांना पेनिसिलिन लागतं, आणि रक्ताची साधी व्हीडीआरएल तपासणी त्यांची चाहूल देते. क्रीम लावत तिथे चार महिने घालवले तर उपदंश आत सरकतो. काळी, टणक, रक्त येणारी गाठ असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो. गरोदरपणात चामखिळी झपाट्याने वाढतात, तेव्हा पोडोफायलोटॉक्सिन तर वर्ज्यच, आणि इमिक्विमॉडही पुरेशा माहितीअभावी टाळतात. आम्ल किंवा द्रव नायट्रोजन चालतं. हे सगळं मेडिकलच्या काउंटरवर, मागे रांग असताना, हळू आवाजात ठरत नाही.

आणि मग तो प्रश्न, जो डॉक्टरांच्या खोलीत विचारला जात नाही पण घरी गेल्यावर सगळ्यांत आधी उठतो: हे आलं कुठून? या चामखिळी शरीरसंबंधातून पसरतात हे डॉक्टरांना स्पष्टपणे पटायला १९५४ साल उजाडलं, जेव्हा कोरियाच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पत्नींमध्ये त्या दिसू लागल्याचं एका शोधनिबंधात मांडलं गेलं. तिथून पुढे चामखीळ म्हणजे बेइमानीची पावती असा सरळ हिशेब मांडला गेला. विषाणूला तो मान्य नाही. लागण झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे जातात, काही महिने जातात, कधी त्याहूनही जास्त. आणि कित्येकांना ती कधीच दिसत नाही, तरी ते विषाणू देऊ शकतात. म्हणून आज दिसलेल्या चामखिळीवरून कुणी, कुणाला, कधी दिलं हे ठरवता येत नाही. लग्नाआधीचं जुनं ओझं लग्नानंतर वर येऊ शकतं. क्रीमने चामखीळ गेली म्हणजे संसर्ग देण्याची शक्यता संपली, हेही सिद्ध झालेलं नाही. निरोधाने धोका कमी होतो, पण तो जेवढी कातडी झाकतो तेवढाच. जोडीदाराची तपासणी करायची ती दोषारोपासाठी नव्हे, त्यालाही चामखीळ किंवा दुसरा लैंगिक आजार आहे का ते पाहण्यासाठी. कर्करोगाची भीतीही इथे जागा चुकते. गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारे मुख्य प्रकार १६ आणि १८, हे चामखिळीच्या ६ आणि ११ चे भाऊबंद असले तरी त्यांचं घर वेगळं. चामखीळ असलेल्या स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी करावी ती इतर सगळ्या स्त्रियांनी करावी म्हणून आणि तितक्याच वेळा.

या भाऊबंदकीचा विज्ञानाला एक मोठा फायदा झाला. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन कर्करोगाचा विषाणू शोधत होते, तेव्हा त्यांच्या गटाने आधी चामखिळीतूनच प्रकार ६ वेगळा काढला, मग ११, आणि त्यांचा माग धरत १९८३-८४ मध्ये १६ आणि १८ गाठले. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या शोधातून लस आली, आणि लशीने काय केलं ते ऑस्ट्रेलियाने मोजून ठेवलं आहे. तिथे २००७ साली मुलींना चार प्रकारांवरची लस सरकारी खर्चाने सुरू झाली. लैंगिक आरोग्य केंद्रांत पहिल्यांदा येणाऱ्या २१ वर्षांखालच्या, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या स्त्रियांपैकी त्या वर्षी ११.५ टक्क्यांना चामखिळी होत्या. २०११ मध्ये ०.८५ टक्क्यांना. मुलांना तेव्हा लस दिलीच नव्हती, तरी त्याच वयाच्या भिन्नलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमधला आकडा १२.१ वरून २.२ टक्क्यांवर आला. सोळा आठवड्यांच्या कुठल्याच क्रीमला हे जमणार नाही. मात्र ज्याला चामखीळ झालेली आहे, त्याची ती लशीने जात नाही. ब्रिटनच्या त्याच चाचणीत अर्ध्या रुग्णांना लसही देऊन पाहिली होती, आणि तिने उपचाराला ठोस हातभार लावल्याचं दिसलं नाही. ती घ्यायची ती लागण होण्यापूर्वी, म्हणजे मुलामुलींच्या शाळेच्या वयात. आपल्याकडे कर्करोगाची लस म्हणूनच तिची ओळख करून दिली जाते, त्यामुळे दुसरा फायदा झाकून राहतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सर्वाव्हॅक या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. ती चार प्रकारांवर चालते, आणि त्या चारांतले दोन ६ आणि ११ आहेत.